झोपेत दात खाणं : दातांकडे कमी, झोपेकडे जास्त बघा

ताई दोन दिवस राहायला आली होती. आम्ही दोघी एकाच खोलीत झोपलो. सकाळी उठल्याउठल्या तिनं विचारलं, "अगं, रात्रभर कोणावर दात खात होतीस?" मला काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं. ती म्हणाली, आवाज करकर असा, दगडावर दगड घासल्यासारखा. पाच-दहा सेकंद यायचा, थांबायचा, थोड्या वेळानं पुन्हा सुरू. ती दोनदा दचकून उठली आणि मी आपली शांत झोपलेली.

तिच्या त्या एका प्रश्नानं मागच्या दोन वर्षांतल्या बऱ्याच गोष्टींचा उलगडा झाला. सकाळी कानशिलं जड असायची, तेव्हा चष्म्याचा नंबर वाढला असेल असं म्हणून मी विषय सोडून दिला होता. खालच्या उजव्या दाढेतलं फिलिंग दोनदा निघालं होतं. दोन्ही वेळा ते व्यवस्थित भरून मिळालं, पण मुळात ते का निघतंय, हे डॉक्टरांनी विचारलं नाही आणि मलाही सुचलं नाही. त्यानंतर मी या विषयावर मिळेल ते वाचत गेले, दातांच्या आणि झोपेच्या डॉक्टरांना प्रश्न विचारून भंडावलं. जे समजलं ते इथे सांगते आहे, कारण दात खाणाऱ्या बहुतेकांना आपण दात खातो हेच माहीत नसतं.

मराठीत रागानं दातओठ खाणं म्हणतात, त्यामुळे झोपेत दात खाणाऱ्याच्या मनात कसलातरी राग साठलाय असं सहज समजलं जातं. दुसरा समज जंतांचा. पोटात जंत झाले की मूल दात खातं, हे आपण सगळ्यांनीच ऐकलेलं आहे. तिसरा समज खुद्द दातांच्या डॉक्टरांमध्ये विसाव्या शतकात बराच काळ होता: वरचे-खालचे दात एकमेकांवर नीट बसत नाहीत, एखादा दात उंच लागतो, म्हणून जबडा रात्रभर तो उंचवटा घासून काढू पाहतो. ऐकायला हे इतकं पटण्यासारखं आहे की कित्येक जणांचे चांगले दात त्यापायी घासून कमी केले गेले. झोपलेल्या माणसाच्या मेंदूच्या, हृदयाच्या आणि जबड्याच्या स्नायूंच्या हालचाली एकाच वेळी नोंदवता येऊ लागल्या, तेव्हा मात्र वेगळंच चित्र समोर आलं.

रात्री नेमकं काय घडतं

आपली झोप सलग एकसारखी नसते. हलकी झोप, गाढ झोप, स्वप्नांची झोप अशा पायऱ्यांवरून ती रात्रभर वर-खाली होत असते. मधूनमधून मेंदू काही सेकंदांसाठी जागेपणाच्या काठावर येतो आणि परत बुडी मारतो. साधारण ३ ते १५ सेकंदांच्या या जागेला आपण सूक्ष्म जाग म्हणू. डोळे उघडत नाहीत, सकाळी काही आठवत नाही. निरोगी माणसालाही अशी जाग रात्रीत कितीतरी वेळा येते.

झोपेतलं बहुतेक दात खाणं हलक्या झोपेत आणि या सूक्ष्म जागेला धरून होतं. त्याचा क्रम ठरलेला असतो, आणि मला या सगळ्या विषयात तोच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. आधी काही मिनिटं शरीराला सावध ठेवणारी मज्जासंस्था चाळवते. मग दात घासले जाण्याच्या सुमारे ४ सेकंद आधी मेंदूच्या लहरी जागेपणासारख्या वेगवान होतात. त्यानंतर हृदयाचे ठोके वाढतात. मग जबडा उघडणारे स्नायू आवळतात, त्यांच्या मागोमाग जबडा मिटणारे, आणि शेवटी दातावर दात घासला जाऊन करकर ऐकू येते.

म्हणजे दात या साखळीच्या शेवटच्या टोकाला आहेत. सुरुवात मेंदूत होते. मी गाढ झोपले आहे असं ताईला वाटलं होतं, प्रत्यक्षात माझी झोप त्याच क्षणी उथळ झालेली होती.

आणखी एक गोष्ट मला फार दिलासा देणारी वाटली. दात न खाणाऱ्या माणसांतही सुमारे ६० टक्के लोकांचा जबडा झोपेत अधूनमधून चघळल्यासारखा हलतो. दात खाणाऱ्यांमध्ये हीच हालचाल साधारण तिप्पट वेळा होते आणि जास्त जोरात होते, इतकाच फरक. म्हणूनच २०१८ साली या विषयातल्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या गटानं एकमतानं मांडलं की, एरवी निरोगी असलेल्या माणसाचं झोपेत दात खाणं हा आजार मानू नये. ती स्नायूंची एक हालचाल आहे. काहींना तिचा त्रास होतो, काहींना होत नाही, आणि काहींच्या बाबतीत ती दुसऱ्या कशाची तरी खूण असते. मोठ्या माणसांत १०० पैकी साधारण ८ ते १० जण झोपेत दात खातात. वय वाढतं तसं हे प्रमाण कमी होतं, साठीनंतर ३ च्या आसपास येतं. मुलांमध्ये ते याहून बरंच जास्त असतं.

तुम्ही दात खाता हे कळणार कसं

कोणी शेजारी झोपत असेल तर तेच सांगतील. पण सगळ्यांच्या दात खाण्याचा आवाज होतो असं नाही. पुष्कळ जण दात घासत नाहीत, नुसते आवळून धरतात, आणि ते शेजारच्यालाही कळत नाही. अशा वेळी तोंडच काय ते सांगतं.

एकदा आरशासमोर उजेडात उभं राहून तोंड उघडा. पटाशीच्या दातांच्या कडा कापल्यासारख्या सपाट झाल्यात का? सुळ्यांची टोकं बोथट आहेत का? जिभेच्या कडेला दातांचे ठसे उमटून ती झालरीसारखी दिसते का? गालाच्या आतल्या बाजूला, दात मिळतात त्या उंचीवर, एक पांढरट आडवी रेघ आहे का? मग दोन्ही हातांची बोटं गालांवर, जबड्याच्या कोपऱ्याजवळ ठेवा आणि दात आवळा. बोटांखाली जो टणक गोळा उचलला जातो तो मॅसेटर, जबडा मिटणारा मुख्य स्नायू. दात खाणाऱ्यांचा हा स्नायू कधी कधी व्यायाम केल्यासारखा फुगतो आणि चेहरा खालून चौकोनी दिसू लागतो. तसेच आता कानशिलांवर बोटं ठेवून पुन्हा आवळा. तिथेही स्नायू हलतो. सकाळचं कानशिलांचं जडपण इथूनच येतं. रात्री ओझी उचलली तर सकाळी दंड दुखतीलच, तसंच हे.

दात झिजलेले दिसले म्हणून लगेच निदान करून मोकळं होऊ नका. झीज दहा वर्षांपूर्वीची असू शकते, आणि ती घासण्यानंच झाली असेल असंही नाही. घासून झिजलेली जागा सपाट आणि चकचकीत असते, वरच्या दाताची सपाटी खालच्या दाताच्या सपाटीवर बरोबर बसते. आम्लानं झिजलेल्या दातावर मात्र वाटीसारखे लहान खळगे पडतात आणि कडा गुळगुळीत, गोलसर होतात. पोटातलं आम्ल वर येत असेल तर दोन्ही एकत्र दिसतं, कारण आम्लानं मऊ पडलेला दात घासला की जास्त वेगानं झिजणार. एनॅमल हा आपल्या शरीरातला सगळ्यात कठीण पदार्थ, हाडापेक्षाही कठीण. पण हाड मोडलं तर जुळतं, एनॅमल गेलं की परत येत नाही. त्याच्या आत पिवळसर, मऊ डेंटिन असतं. ते उघडं पडलं की गार पाण्याच्या घोटानंही दात शिवशिवतात आणि मग झिजण्याचा वेग वाढतो. रात्रीचा हा दाब किती असावा? कधी कधी माणूस जागेपणी मुद्दाम जितक्या जोरात चावू शकतो त्याहूनही जास्त. जागेपणी दुखायला लागलं की आपण थांबतो. झोपेत तो लगाम सुटलेला असतो.

पक्कं निदान हवं असेल तर झोपेची तपासणी करून, जबड्याच्या स्नायूंची आणि आवाजाची नोंद घेऊनच होतं. बहुतेकांना त्याची गरज पडत नाही. घरच्यांचं सांगणं आणि डॉक्टरांनी तोंडात पाहिलेल्या खुणा एवढ्यावर काम चालतं.

झोप कशानं चाळवते

दात खाणं सूक्ष्म जागेला धरून येतं हे एकदा लक्षात आलं की पुढचा प्रश्न आपोआप येतो: ही जाग वाढतेय कशानं?

काही अंशी हे रक्तातच असतं, एका घरात अनेक जण दात खाणारे सापडतात. ताण आणि काळजी यांचा वाटा आहेच. परीक्षा, घरातलं आजारपण, नोकरीतली ओढाताण अशा दिवसांत आवाज वाढल्याचं पुष्कळ जण सांगतात. तंबाखू ओढणाऱ्यांमध्ये दात खाण्याचं प्रमाण न ओढणाऱ्यांच्या जवळपास दुप्पट असतं. दारूनं झोप लवकर लागते खरी, पण रात्रीच्या उत्तरार्धात ती तुकड्यातुकड्यांची होते. संध्याकाळनंतरच्या कॉफीचंही तेच. नैराश्यावरची काही औषधं, म्हणजे फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन, पॅरोक्सेटिन, व्हेन्लाफॅक्सिन यांच्यासारखी, काही जणांमध्ये दात खाणं सुरू करतात किंवा वाढवतात. असं औषध घ्यायला लागल्यापासून जबडा दुखत असेल तर ज्यांनी ते लिहून दिलं त्या डॉक्टरांना सांगा. ते मात्रा बदलू शकतात, औषध बदलू शकतात. स्वतःच्या मनानं मात्र एक गोळीही बंद करू नका, अचानक थांबवण्याचे परिणाम दात झिजण्यापेक्षा गंभीर असतात.

आणि घोरणं. इथे मी थोडी थांबणार आहे, कारण सगळ्यात जास्त दुर्लक्ष याकडेच होतं. झोपेत घशाचा मार्ग वारंवार मिटून श्वास अडतो, त्याला स्लीप ॲप्निया म्हणतात. श्वास अडला की रक्तातला प्राणवायू उतरतो, मेंदू धडपडून जागा होतो, माणूस जोरात श्वास घेतो आणि पुन्हा झोपतो. हे तासात कितीही वेळा होऊ शकतं. या प्रत्येक जागेसोबत दात खाल्ले जातातच असं नाही, पण स्लीप ॲप्निया असलेल्या पुष्कळ लोकांमध्ये दात खाणं आढळतं. दात वाचवायची साधनं तर मिळतात, पण न ओळखलेला स्लीप ॲप्निया वर्षानुवर्षं रक्तदाब वाढवत राहतो, हृदयावर ताण आणतो. म्हणून जो माणूस जोरात घोरतो, मध्येच घुसमटून उठतो, सात-आठ तास झोपूनही दिवसा पेंगतो आणि दातही खातो, त्यानं आधी झोपेच्या डॉक्टरांकडे जावं. दातांच्या डॉक्टरांकडे त्यानंतर.

नाइट गार्ड काय करतो आणि काय करत नाही

माझ्या डॉक्टरांनी दातांचं माप घेऊन कडक ॲक्रिलिकचा पारदर्शक गार्ड बनवून दिला. वरच्या दातांवर टोपीसारखा बसतो. पहिले चार दिवस तोंडाला नुसतं पाणी सुटत होतं, एका सकाळी तो उशीखाली सापडला. दुसऱ्या आठवड्यापासून सवय झाली. सकाळी काढल्यावर दोन-पाच मिनिटं दात एकमेकांवर परक्यासारखे लागतात, मग सगळं जागेवर येतं.

गार्ड लावला की दात खाणं थांबेल अशी माझी समजूत होती. तसं होत नाही. मेंदूतली ती साखळी तशीच चालू राहते. फरक इतकाच, की दाताऐवजी प्लास्टिक झिजतं आणि दाब एका दाढेवर न येता सगळ्या दातांवर वाटला जातो. हे काही कमी नाही. झिजलेला गार्ड बदलता येतो.

बाजारात गरम पाण्यात मऊ करून तोंडात दाबायचे तयार गार्डही मिळतात. थोड्या दिवसांसाठी ते चालतील. पण मऊ रबरी गार्ड चघळायला बरा वाटतो आणि त्यामुळे काही जण उलट जास्तच आवळतात. फक्त पुढच्या चार-सहा दातांवर बसणारे छोटे गार्ड दीर्घकाळ वापरू नयेत. मागच्या दाढांना आधार न मिळाल्यानं त्या हळूहळू सरकतात आणि दातांची ठेवणच बदलते. स्लीप ॲप्निया असेल तर साधा वरचा गार्ड श्वास आणखी अडवू शकतो. अशांसाठी खालचा जबडा पुढे धरून ठेवणारं वेगळं साधन असतं, ते तज्ज्ञांच्या सल्ल्यानंच घ्यायचं.

गार्ड गार पाण्यानं आणि मऊ ब्रशनं धुवायचा. गरम पाणी लागलं की त्याचा आकार बिघडतो. नीट वाळवून हवा खेळेल अशा डबीत ठेवायचा आणि दरवेळी तपासणीला जाताना सोबत न्यायचा, कारण तो घट्ट-सैल झालाय का हे तोंडात बसवूनच कळतं.

दिवसाचं ओझं रात्रीआधी उतरवा

खाताना आणि गिळताना दात एकमेकांना लागतात तो सगळा वेळ मोजला तर दिवसाकाठी साधारण २० मिनिटांच्या आत भरतो. उरलेल्या वेळी वरच्या-खालच्या दातांमध्ये फट असायला हवी. आता हे वाचताना तुमचे दात एकमेकांवर टेकलेले आहेत का? टेकले असतील तर तो स्नायू दिवसभर कामावर आहे आणि रात्री पुन्हा पाळी करतोय.

जबड्याची विश्रांतीची जागा अशी: ओठ अलगद मिटलेले, दात सुटे, जिभेचं टोक वरच्या पटाशीच्या दातांमागे टाळूला हलकेच टेकलेलं. जीभ तिथे असताना दात आवळणं अवघड जातं. मी संगणकाच्या कोपऱ्यात एक लाल टिकली चिकटवली आहे. ती दिसली की जबडा तपासायचा, एवढाच नेम. पहिल्या दिवशी जवळपास प्रत्येक वेळी दात आवळलेले सापडले. महिन्याभरात ते कमी झालं आणि संध्याकाळची डोकेदुखीही. दिवसा आवळणं आणि रात्री खाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एक सुटली म्हणजे दुसरी सुटेल असं नाही. पण दुखतो तो स्नायू दोघांचा एकच आहे.

जबडा धरला असेल तर रात्री झोपण्यापूर्वी दहा मिनिटं गालांवर कोमट ओला कपडा शेकावा, बोटांनी गोल गोल हलका मसाज करावा. चिवट, चावत बसावं लागेल असं काही खाऊ नये, च्युइंगम तर नकोच. झोपेची वेळ ठरलेली असावी. ताण फार असेल तर समुपदेशकाची मदत घ्यावी. त्यानं करकर थांबेल याची खात्री नसली तरी झोप सुधारते.

दात खाणं थांबवण्यासाठी कोणी निरोगी दात घासून कमी करायला किंवा सगळ्यांवर कॅप बसवायला सांगितलं, तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेतल्याशिवाय होकार देऊ नका. घासलेलं परत येत नाही आणि त्यानं झोपेतलं दात खाणं कमी होतं याला आधार नाही. तुटलेल्या दाताला कॅप लावणं ही वेगळी गोष्ट, ती गरजेची असते. मॅसेटरमध्ये बोटॉक्सचं इंजेक्शन दिलं तर काही महिने चावण्याचा जोर कमी होतो, दुखणं हलकं होतं. पण दात खाण्याच्या वेळा कमी होत नाहीत, हसण्यात फरक पडू शकतो आणि असर ओसरला की पुन्हा टोचावं लागतं. बाकी उपाय करूनही तीव्र दुखणाऱ्यांसाठीच तो विचार करावा. झोपेच्या किंवा स्नायू सैल करणाऱ्या गोळ्यांची सवय लागते. रोजचा इलाज म्हणून त्या नकोत.

मूल दात खात असेल तर

आवाज ऐकून आईवडिलांचा जीव वर-खाली होतो, पण बहुतेक मुलांचं दात खाणं मोठं होता होता आपोआप थांबतं. दुधाचे दात तसेही पडायचे असतात, आणि वाढत्या जबड्यावर गार्ड सहसा बसवत नाहीत. जंतांचं औषध द्यायचं तर जंतांसाठी द्या. दात खाणं हे काही जंतांचं लक्षण म्हणून धरता येत नाही. पाहायचं ते वेगळंच: मूल तोंडानं श्वास घेतं का, घोरतं का, मान मागे टाकून झोपतं का, दिवसा चिडचिडं किंवा पेंगुळलेलं असतं का? यातलं काही असेल तर टॉन्सिल किंवा नाकामागच्या ॲडिनॉइड ग्रंथी वाढल्यात का ते कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून तपासून घ्या. श्वास मोकळा झाला की पुष्कळ मुलांचं दात खाणंही कमी होतं.

मोठ्यांनी कधी थांबू नये? तोंड पूर्ण उघडत नसेल, जबडा मध्येच अडकत असेल, एखाद्याच दाढेवर चावताना वीज चमकल्यासारखी कळ येत असेल, तर लगेच दाखवा. त्या कळेमागे दाढेतली बारीक चीर असू शकते. चीर मुळापर्यंत गेली तर दात काढावा लागतो, वेळेत सापडली तर वाचतो.

माझा गार्ड मी आठवड्यातून एकदा खिडकीपाशी उजेडात धरते. उजव्या दाढेच्या जागी त्यावर बारीक ओरखड्यांची जाळी पडली आहे, एका ठिकाणी ती खोल आहे. म्हणजे मी अजूनही दात खाते. गेल्या तपासणीत डॉक्टरांनी त्या दाढेचा नवा फोटो मागच्या वर्षीच्या फोटोशेजारी ठेवून दाखवला. दाढेवरची सपाटी होती तेवढीच आहे. फिलिंगही जागेवर आहे.